मॅनेजरच्या नावाचा गजर

संघ जिंकत असतो तेव्हा मॅनेजरचं नाव कुणी फारसं घेत नाही. गोल मारणाऱ्याचं घेतात, गोलरक्षकाचं घेतात, शेजारच्या शहरातल्या संघाचा यथेच्छ उद्धार करतात. मॅनेजर आपला बाकावर बसून च्युइंगम चघळत असतो. पण लागोपाठ पाच-सहा सामने हातचे गेले, ‘आता किती दिवस?’ असे मथळे पेपरात झळकले, की एखाद्या शनिवारी स्टँडच्या कोपऱ्यातून त्याच्या नावाचं गाणं उठतं आणि बघता बघता सगळा स्टँड त्यात मिसळतो. फलकावर संघ दोन गोलांनी मागे असतो. हरणाऱ्या माणसाच्या नावाचा हा गजर फुटबॉलमध्ये आला कुठून, याचा माग काढायला गेलं की वाट थेट संचालकांच्या खोलीपाशी जाते.

इंग्लंडमध्ये क्लबांचा फुटबॉल सुरू झाला तेव्हा आजच्या अर्थाचा मॅनेजर नव्हताच. क्लबाचा सेक्रेटरी असे. तो पत्रव्यवहार बघे, रेल्वेची तिकिटं काढे, पगार वाटे. संघ निवडायचं काम संचालकांचं. गावातले गिरणीवाले, खाटीक, दारूचे व्यापारी आठवड्यातून एकदा बसत आणि अकरा नावं ठरवत. हरलं तर शिव्या कुणाला द्यायच्या हे त्यामुळे स्पष्टच होतं. हे गणित बदलणाऱ्यांत हर्बर्ट चॅपमनचं नाव पहिल्या रांगेत घ्यावं लागतं. हडर्सफील्डला मोठं करून तो 1925 मध्ये आर्सेनलला आला आणि संघ कोण निवडणार, कसा खेळणार, कोणाला विकत घेणार, हे सगळं त्याने स्वतःच्या हातात घेतलं. 1934 च्या जानेवारीत न्यूमोनियाने गेला तेव्हा आर्सेनल दोनदा लीग जिंकून तिसऱ्या विजेतेपदाच्या वाटेवर होतं. तरी जुनी सवय सहजासहजी सुटली नाही. खुद्द इंग्लंडचा राष्ट्रीय संघ 1960 च्या दशकापर्यंत समितीच निवडत होती. वॉल्टर विंटरबॉटम सोळा वर्षं मॅनेजर होता, पण संघनिवडीचा अंतिम अधिकार त्याच्याकडे नव्हता. 1963 मध्ये आल्फ रॅमसे आला तो ही अट घालूनच, आणि तीन वर्षांत विश्वचषक घेऊन मोकळा झाला.

ज्याच्या हातात काही नाही त्याचा जयजयकार कोण करणार? मॅनेजरकडे अधिकार आले तसं अपयशही त्याच्या नावावर चढायला लागलं, आणि मग त्याच्या बाजूने उभं राहणं किंवा न राहणं याला अर्थ आला.

दुसरी गोष्ट लागते ती आवाजाची. एकेकट्याने टाळ्या वाजवणं वेगळं आणि वीस-पंचवीस हजार माणसांनी एका सुरात नाव घेणं वेगळं. हे दुसरं घडायला सगळ्यात सोयीची जागा लिव्हरपूलच्या अॅनफील्डवर होती. गोलामागच्या ज्या स्टँडमध्ये तेव्हा उभं राहून सामना बघत, त्याला कॉप म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीवर 1900 च्या जानेवारीत बोअरांनी इंग्रजांना कापून काढलं. मेलेल्यांत लँकेशायरच्या पलटणींचे पुष्कळ होते, म्हणून 1906 मध्ये बांधलेल्या त्या उंच चढाला टेकडीचं नाव पडलं. (त्या टेकडीखाली जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्या हिंदी तुकडीचे पुढारी मोहनदास गांधी होते, ही फुटबॉलशी काडीचा संबंध नसलेली पण सांगितल्यावाचून राहवत नाही अशी गोष्ट.) 1960 च्या दशकात या कॉपने रेडिओवरची गाणी उचलून सामन्यात म्हणायला सुरुवात केली. बीबीसीने 1964 मध्ये त्यावर कार्यक्रमही केला. चाल लोकप्रिय गाण्याची, शब्द आपले. वारकऱ्यांपासून शाहिरांपर्यंत आपल्याकडेही हेच चालत आलं आहे. ‘असा एकच’ या अर्थाची, जगभर कुणाच्याही नावाला लावली जाणारी आरोळी तर ‘ग्वांतानामेरा’ या क्युबन गाण्याच्या चालीवर आहे. नाव त्या चालीत बसलं नाही तर ओढून बसवायचं.

या कॉपसमोर होता लिव्हरपूलचा मॅनेजर बिल शँकली. 1973 च्या एप्रिलमध्ये लीग जिंकल्यावर तो कॉपपुढे उभा होता, तेव्हा कुणीतरी भिरकावलेला लाल स्कार्फ पोलिसाने बुटाने बाजूला सारला. शँकलीने तो उचलला, गळ्यात घातला आणि पोलिसाला तिथेच सुनावलं. हा प्रसंग सुखाच्या दिवसातला. पण मॅनेजर हा संचालकांचा नोकर नसून आपला माणूस आहे, अशी समजूत स्टँडमध्ये कशी पक्की झाली ते यात दिसतं.

त्याच वर्षी, सहा महिन्यांत, या समजुतीची कसोटी डर्बी शहरात लागली. माझ्या मते या प्रथेचं खरं जन्मगाव हेच. ब्रायन क्लफ आणि त्याचा जोडीदार पीटर टेलर यांनी दुसऱ्या डिव्हिजनमधल्या डर्बी काउंटीला वर आणलं, 1972 मध्ये लीग जिंकून दिली, 1973 मध्ये युरोपियन कपच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं. पण क्लफची जीभ भलतीच तिखट. टीव्हीवर आणि पेपरांतून तो कोणालाही सोडत नसे, आणि अध्यक्ष सॅम लाँगसन यांना ते सहन होईना. वाद वाढत गेला आणि 15 ऑक्टोबर 1973 रोजी क्लफ-टेलर यांनी राजीनामे दिले. संचालकांनी ते स्वीकारले.

पाच दिवसांनी बेसबॉल ग्राउंडवर लेस्टरशी सामना होता. क्लफ स्टँडमध्ये अवतरला, हात वर केले, सगळ्या मैदानाने त्याचं नाव घेतलं आणि थोड्या वेळात तो निघूनही गेला. पुढच्या दिवसांत डर्बीत ‘निषेध चळवळ’ उभी राहिली. सभा झाल्या, फलक घेऊन मोर्चे निघाले, खेळाडूंनीही क्लफला परत घ्या म्हणून पत्र लिहिलं. एखाद्या कारखान्यात कामावरून काढलेल्या पुढाऱ्यासाठी कामगार रस्त्यावर येतात, तेच इथे फुटबॉलसाठी घडत होतं, आणि माणसं बहुतेक तीच होती. डर्बी हे रेल्वेच्या कारखान्यांचं आणि रोल्स-रॉइसच्या इंजिनांचं शहर.

फळ काही मिळालं नाही. संचालक हलले नाहीत. डेव्ह मॅके नवा मॅनेजर झाला आणि 1975 मध्ये त्याने डर्बीला पुन्हा लीग जिंकून दिली, म्हणजे संचालक अगदीच चुकले असंही म्हणता येईना. पण पद्धत घालून दिली गेली. नाव मॅनेजरचं घ्यायचं आणि नजर मात्र संचालकांच्या राखीव खुर्च्यांकडे ठेवायची. लेकी बोले सुने लागे.

ही पद्धत किती चोख वापरता येते ते 2007 मध्ये लिव्हरपूलने दाखवलं. मॅनेजर राफा बेनितेझने 2005 साली इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेली. 2007 च्या फेब्रुवारीत क्लब टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकन जोडीने विकत घेतला. नोव्हेंबरपर्यंत गाडी बिनसली. बेनितेझला जानेवारीतल्या खेळाडू-खरेदीबद्दल बोलायचं होतं, मालकांनी कळवलं की हातात आहेत त्या खेळाडूंच्या तालमीकडे बघा. पत्रकार परिषदेत बेनितेझने काय करावं? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: माझं लक्ष नेहमीप्रमाणे संघाच्या तालमीकडे आहे. आज्ञाधारक विद्यार्थ्याचा याहून जहरी अवतार मी तरी पाहिलेला नाही.

28 नोव्हेंबरला पोर्तोशी सामना होता आणि हरलं तर युरोपातून गाशा गुंडाळावा लागणार होता. त्या संध्याकाळी सँडन नावाच्या पबपासून चाहत्यांचा मोर्चा निघाला. जागाही कशी निवडलेली पाहा: 1892 मध्ये ज्या भांडणातून एव्हर्टन अॅनफील्ड सोडून गेलं आणि लिव्हरपूल क्लब जन्माला आला, ते याच पबाच्या मालकाशी झालेलं. हातात स्पेनचे झेंडे आणि राफाच्या तसबिरी. मैदानात त्याचं नाव दुमदुमत राहिलं आणि संघ 4-1 असा जिंकला. पुढच्या जानेवारीत हिक्स यांनी स्वतःच कबूल केलं की बेनितेझच्या जागेसाठी आपण युर्गन क्लिन्समनशी बोलणी केली होती. बेनितेझ 2010 च्या उन्हाळ्यापर्यंत टिकला. तो निव्वळ मोर्चामुळे टिकला असं म्हणणं धाडसाचं. पण सुनेच्या कानावर गेलं होतं, एवढं नक्की.

मँचेस्टर युनायटेडची गोष्ट जरा वाकडी आहे. डिसेंबर 1989 मध्ये तिथे ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने पलंगपोसावर लिहून फडकवलं होतं की तीन वर्षं सबबी ऐकल्या, खेळ तसाच टुकार, तेव्हा रामराम फर्गी. संचालकांनी अॅलेक्स फर्ग्युसनला ठेवलं, मे 1990 मध्ये एफए कप आला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. इथे चाहत्यांना जे दिसलं नाही ते खुर्चीत बसलेल्यांना दिसलं. 12 मे 2013 रोजी निरोप घेताना फर्ग्युसनने मैदानात माइक हातात घेतला आणि आठवण करून दिली की माझ्या वाईट दिवसांत क्लब माझ्या पाठीशी उभा राहिला. आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम.

नवा मॅनेजर होता डेव्हिड मॉयेस. ‘निवडलेला तो हाच’ अशा अर्थाचा भलामोठा फलक स्ट्रेटफर्ड एंडला लागला. संघ मात्र घसरत गेला. मार्चमध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी दोघांनी ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन तीन-तीन गोलांनी धुतलं. तेव्हा काही चाहत्यांनी वर्गणी काढली आणि 29 मार्च 2014 रोजी ॲस्टन व्हिलाच्या सामन्यावर विमान फिरवलं. मागे कापडी पट्टा: चुकीचा निवडला, मॉयेस बाहेर. विमान डोक्यावर आलं आणि स्टेडियमने हुर्यो उडवली ती विमानाची. मॉयेसला टाळ्या मिळाल्या, सामनाही 4-1 जिंकला. चोवीस दिवसांनी त्याला काढलं. त्या टाळ्यांत मॉयेसवरचा विश्वास किती आणि म्हाताऱ्या फर्ग्युसनचा शब्द पाळणं किती? माझा कल दुसऱ्याकडे आहे. तीन वर्षांनी, 18 मार्च 2017 ला, वेस्ट ब्रॉमविचच्या आकाशात तर दोन विमानं फिरली. एक आर्सेनलचा मॅनेजर आर्सेन वेंगरला घालवा म्हणणारं, दुसरं त्याच्यावर आमचा भरवसा आहे म्हणणारं. खाली आर्सेनल 3-1 हरलं. एवढ्या पैशात माणसं दुसऱ्या गावचे सामने बघून आली असती.

गजराचा रोख प्रत्येक वेळी मालकांवरच असतो असंही नाही. डिसेंबर 2015 मध्ये चेल्सीने होजे मोरिन्योला काढलं, तेव्हा पुढच्याच सामन्यात चाहत्यांनी मोरिन्योचं नाव घेतलं आणि आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडवली. मॅनेजरला यांनीच बुडवलं असा त्यांचा ठाम समज. फेब्रुवारी 2017 मध्ये लेस्टरने क्लॉडिओ रानिएरीला काढलं. पाच हजारास एक असा भाव असताना लीग जिंकून देऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यात चाहते त्याचे मुखवटे लावून आले आणि 65 व्या मिनिटाला, त्याच्या वयाच्या आकड्याला, मोबाइलचे दिवे लावले. त्याच रात्री लेस्टरचे खेळाडू जीव तोडून धावले आणि 3-1 जिंकले. आठवडाभर आधी हे पाय कुठे होते, असा प्रश्न स्टँडमध्ये अनेकांना पडला.

आणि मग 1 मे 1993 चा नॉटिंगहॅम फॉरेस्टचा सामना. पुन्हा क्लफ. 1975 मध्ये आला, लहानशा क्लबाला 1979 आणि 1980 असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून दिले, अठरा वर्षं राहिला. शेवटी दारूने त्याला पोखरलं होतं, चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं, आणि निवृत्तीची घोषणा आधीच झाली होती. घरच्या मैदानावरच्या त्या शेवटच्या सामन्यात फॉरेस्ट शेफील्ड युनायटेडकडून 0-2 हरलं आणि सर्वोच्च श्रेणीतली सोळा वर्षं संपून खाली गेलं. चिडण्यासारखं सगळं होतं. पण लोक गेले नाहीत. त्याचं नाव घेत राहिले. पाहुण्या शेफील्डवाल्यांनीही साथ दिली. हिरव्या स्वेटशर्टमधला क्लफ मैदानावर माणसांच्या गराड्यात सापडला, आणि रडणाऱ्या एका मुलीला रडू नको म्हणून समजावत राहिला. त्या दिवशी त्या आवाजाला सून नव्हती. कोणाला खाली खेचायचं नव्हतं, कोणाला वाचवायचं नव्हतं. डर्बीत वीस वर्षांपूर्वी याच माणसासाठी जो गजर मागणी म्हणून सुरू झाला, तो इथे निव्वळ आभार होऊन उरला होता.

भारतात ही प्रथा पोचली ती थेट सूनबाईसकट. 3 मार्च 2023 रोजी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीत केरळ ब्लास्टर्स आणि बंगळुरू समोरासमोर होते. जादा वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने भिंत उभी राहायच्या आत फ्री-किक मारली, पंचांनी गोल दिला आणि ब्लास्टर्सचे सर्बियन प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावलं. सामना तिथेच संपला. कोचीच्या विमानतळावर मात्र चाहते त्यांच्या नावाने घोषणा देत उभे होते. भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) क्लबाला 4 कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकावर 10 सामन्यांची बंदी घातली, तसा ‘मंजप्पडा’ या चाहत्यांच्या पिवळ्या फौजेचा आवाज आणखी चढला. आवाज इव्हानच्या नावाचा, रोख पंच आणि महासंघाकडे. मैदान सोडून जाणं नियमात बसत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्यावर अन्याय झाल्यावर आपल्यासाठी कुणीतरी उठून गेलं, याचं मोल त्यांच्या लेखी नियमापेक्षा जास्त होतं.

बंदी संपवून 27 ऑक्टोबर 2023 ला ते कोचीतल्या बाकावर परतले, तेव्हा सगळं स्टेडियम त्यांच्यासाठी उभं होतं. ओडिशाविरुद्धचा तो सामना ब्लास्टर्सने 2-1 असा जिंकला. याच माणसाच्या हाताखाली संघ 2022 मध्ये गोव्याच्या फातोर्ड्यात अंतिम सामना पेनल्टीवर हरला होता. 2024 च्या एप्रिलमध्ये ते क्लब सोडून गेले. तीन हंगाम झाले होते आणि करंडक एकही नव्हता.