हॉर्मोन-पूरक चिकित्सा व बीड जिल्हा

हॉर्मोन-पूरक चिकित्सा : वृषण अथवा अंडकोश या जननग्रंथींचा अंतःस्राव वयोमानाने, रोगाने वा शस्त्रक्रियेने कमी झाला असता तो बाहेरून देऊन भरून काढण्याच्या उपचारास ही संज्ञा आहे. वृद्ध पुरुषांना देण्यात येणारे टेस्टोस्टेरोन व ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांना देण्यात येणारे ईस्ट्रोजेन हे तिचे दोन प्रमुख प्रकार होत. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयोच्छेदनामुळे या चिकित्सेला सामाजिक संदर्भ प्राप्त झाला.

इतिहास : आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन व वाजीकरण यांचा समावेश आहे, म्हणजे वार्धक्य व पुरुषशक्तीचा ऱ्हास यांवरील उपायांचा विचार भारतात प्राचीन काळापासून होत आला आहे. आधुनिक शास्त्रात आर्नोल्ड बर्टोल्ट यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांनी वृषणाचा प्रभाव रक्तावाटे शरीरभर पोहोचतो, असे दाखविले. १८८९ मध्ये ७२ वर्षांचे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला व तारुण्य परतल्याचा दावा केला. तो टिकला नाही. तथापि अंतःस्रावांच्या अभ्यासास त्यामुळे चालना मिळाली. ईस्ट्रोन हे स्त्री-हॉर्मोन १९२९ मध्ये वेगळे करण्यात आले. टेस्टोस्टेरोन १९३५ मध्ये वेगळे करण्यात आले व त्याच वर्षी आडोल्फ बूटेनान्ट आणि लेओपोल्ट रूझिचका यांनी ते कृत्रिम रीत्या तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरोनाचे प्रमाण तिशी-चाळिशीनंतर अगदी मंद गतीने घटत जाते. अमेरिकेत चाळिशीपुढील पुरुषांमध्ये या औषधाचा वापर २००१ ते २०११ या काळात सुमारे तिपटीने वाढला. केवळ वयामुळे होणाऱ्या घटीसाठी त्याची उपयुक्तता व सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, असा इशारा तेथील औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला. स्त्रियांची स्थिती वेगळी असते. पन्नाशीच्या सुमारास अंडकोशांचा स्राव थोड्या वर्षांतच बहुतांशी थांबतो. दोन्ही अंडकोश शस्त्रक्रियेने काढल्यास तो एकाएकी नाहीसा होतो.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : बालाघाटच्या रांगांनी व्यापलेला हा पर्जन्यछायेतील जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. प्रवरानगर येथील कारखान्यापासून १९५० नंतर महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी वाढत गेली आणि तोडणीसाठी हंगामी मजुरांची गरज निर्माण झाली. अवर्षणग्रस्त बीडमधून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, ही गरज मोठ्या प्रमाणावर भागविली गेली. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभराच्या श्रमाने फेडावयाची असते. खाडा पडल्यास दंड भरावा लागतो. फडाजवळच्या कोप्यांवर पाणी व शौचालय यांची सोय बहुधा नसते. अशा स्थितीत मासिक पाळी, श्वेतप्रदर वा ओटीपोटातील दुखणे हे रोजगारावरील संकट ठरते. औषधोपचाराने बरे होण्याजोग्या विकारांतही कर्करोगाची भीती घालून गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला दिला गेल्याच्या तक्रारी अनेक स्त्रियांनी केल्या.

एप्रिल २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून हा प्रश्न पुढे आल्यावर राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठविली. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयोच्छेदने झाल्याची माहिती जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात दिली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांचे, गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील गट तंतोतंत सारखे नसले, तरी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

वैद्यकीय परिणाम व उपचार : गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, परंतु अंडकोश राखले असल्यास हॉर्मोनांचा स्राव चालू राहतो, मात्र ऋतुनिवृत्ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. अंडकोशही काढल्यास अंगाची लाही, निद्रानाश, सांधेदुखी हे विकार लगेच जाणवू लागतात व पुढे अस्थी ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यामुळे प्रतिबंधक कारण नसल्यास नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत ईस्ट्रोजेन द्यावे, असे सर्वसाधारण वैद्यकीय मत आहे. गर्भाशयच नसल्याने प्रोजेस्टेरोनाची जोड सामान्यतः लागत नाही. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात आढळलेले धोके मुख्यत्वे सरासरी ६३ वर्षे वयाच्या व संयुक्त उपचार घेणाऱ्या स्त्रियांसंबंधी होते. ते तरुण वयातील अशा रुग्णांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र या उपचारास वर्षानुवर्षे नियमित औषध व तपासणी लागते. वर्षातील सहा महिने परमुलखात काढणाऱ्या व अंडकोश राहिले की गेले याची नोंदही पुष्कळदा जवळ नसणाऱ्या स्त्रीस ते साधणे कठीण असते. वृद्ध पुरुषांच्या बाबतीत या चिकित्सेची आवश्यकता वादग्रस्त आहे. येथे ती निर्विवाद असूनही उपचार दुर्लभ आहे.

उपाययोजना : बीडमध्ये २०१९ पासून खाजगी रुग्णालयांना गर्भाशयोच्छेदनापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घेणे आवश्यक करण्यात आले. अनावश्यक गर्भाशयोच्छेदने रोखण्यासाठी केंद्र शासनाने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला. या उपायांचा रोख नव्या शस्त्रक्रियांवर आहे. ज्यांचे गर्भाशय यापूर्वीच काढले गेले, त्यांची अंडकोशस्थिती तपासणे, अस्थींची घनता मोजणे व आवश्यकतेनुसार हॉर्मोन पुरविणे हे काम त्यांपलीकडचे असून ते हंगामाच्या स्थलांतराशी जुळवून घेतल्यासच परिणामकारक होऊ शकेल.