निकालपत्राची पोच

बंगळूरच्या शेषाद्रि रस्त्यावरील फ्रीडम पार्कात रविवारी पाय मोकळे करावयास जाणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांस तो एके काळचा मध्यवर्ती तुरुंग होता, हे ठाऊक असते. जून १९७५ मध्ये येथे आलेले प्रा. मधु दंडवते येथेच स्थानबद्ध झाले. पत्नी प्रमिलाबाई येरवड्यास बंदिवासात होत्या. दंडवते, वाजपेयी, अडवाणी यांच्या बाजूने मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती छगला बंगळूरच्या उच्च न्यायालयात उभे राहिले. मोठ्यांस मोठा वकील मिळाला, यात गैर काहीच नाही. परंतु अशा भिंतींआड ज्याच्यासाठी कोणीच उभे राहत नाही, त्या कैद्याचे काय? गंमत अशी की, गरिबांस मोफत कायदेविषयक साहाय्य देण्याचे वचन, राज्यघटनेचे कलम ३९अ, आणीबाणीतल्याच ४२ व्या दुरुस्तीने आले.

त्या वचनास हातपाय फुटले ते १७ ऑगस्ट १९७८ च्या होसकोट निकालाने. खटला मुंबईचा, पण संबंध कर्नाटकाशी. धारवाडच्या विद्यापीठाची खोटी मुद्रा करविण्याचा आरोप एका प्राध्यापकावर होता. १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यास तीन वर्षांची शिक्षा दिली. ती भोगून झाली आणि मग सर्वोच्च न्यायालयात त्याचा अर्ज आला. निकालाची प्रत वेळेवर मिळाली नाही, हे त्याचे म्हणणे. येरवडा कारागृह म्हणाले, दिली होती. कैद्याच्या सहीची पोच मात्र कोणापाशीच नव्हती!

आम्हां कारकुनांस पोचेचे मोल सांगावे लागत नाही. पण एका पोचेपायी अपिलाचा हक्क बुडू शकतो, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आमचाही हात क्षणभर थांबला. न्या. कृष्ण अय्यर यांनी अर्ज फेटाळला. पण ठरविले ते असे: कैद्यास निकालाची प्रत विनामूल्य द्यावी, लेखी पोच घ्यावी, आणि तो अपिलास असमर्थ असेल तर वकील नेमून त्याचे मानधन सरकारने द्यावे. १९८७ च्या कायद्याने, ज्याचा अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून झाला, कोठडीतील प्रत्येकास हे साहाय्य मिळते. त्यास उत्पन्नाची अट नाही.

तरीही २००३ मधील नाशिकच्या एका खून खटल्यात भटक्या जमातीतील सहा मजूर अडकले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशी कायम केली. पुढे तोच निर्णय २०१८ मध्ये मागे घेतला, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही निर्दोष सुटले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून निराळेच चौघे ओळखले होते. तिकडे तपास वळलाच नव्हता. सोळा वर्षे गेली होती. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा हुकूम केला. सहांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.