मेरी आणि रमा

परदेशी शिकावयास गेलेल्या माणसाच्या नावावर तेथे दुहेरी प्रसंग येतो. तेथील जिभेला ते पेलत नाही, आणि तेथील रीत त्याला नवे नाव देऊ पाहते. अशा वेळी जुन्या नावाचे काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1883 मध्ये वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. पण कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव पडले ‘मेरी रमा’. कन्या मनोरमेच्या नावालाही ‘मेरी’ची जोड मिळाली. परंतु ‘रमा’ आणि ‘मनोरमा’ पुसल्या गेल्या नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या, आणि तेथे संस्कृतही शिकवीत. गळ्यातील क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरून वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद झाला. रमाबाईंना तेथे संस्कृत वचन हवे होते. लॅटिनमध्ये आपल्या प्राचीन संस्कृताहून अधिक असे काय आहे, हा त्यांचा रोकडा सवाल होता. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यांनी मनोभावे स्वीकारली होती. मात्र तिच्यासोबत परकी भाषाही स्वीकारलीच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते.

1886 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. पुढल्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाले. त्यावर लेखिकेचे नाव ‘पंडिता रमाबाई सरस्वती’ असे आहे, आणि अर्पणपत्रिकेत आई लक्ष्मीबाईंचे स्मरण आहे. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. संस्थेलाही त्यांनी नाव दिले ते सरस्वतीचेच!

धर्म बदलला की माणूस परका होतो, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळांची असते. आम्हां ख्रिस्ती मराठी माणसांना ती वारंवार भेटते. तिला रमाबाईंनी वादापेक्षा कामाने उत्तर दिले. आयुष्याच्या उत्तरकाळी त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. ‘मेरी’ने त्यांची श्रद्धा सांगितली, ‘रमा’ने घर सांगितले. या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. मग तो आपल्याला तरी का दिसावा?