तेरावा वेगवान, तरीही बाहेर: अविनाश साबळे आणि हीटचं गणित

आजचा विषय माझ्या घरातूनच आला. मावसबहिणीने प्रवेश परीक्षा दिली. पेपर वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होता आणि तिची शिफ्ट अवघड निघाली. "दादा, दुसऱ्या शिफ्टवाल्यांशी माझी तुलना कशी होणार?" असं तिने विचारलं. मी कोडिंग करून पोट भरणारा माणूस, नॉर्मलायझेशनचं सूत्र समजावून सांगितलं. तिचं काही समाधान झालं नाही. मग मी तिला अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

अविनाश बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. सहा किलोमीटरवरच्या शाळेत जाणारा शेतकऱ्याचा पोरगा, पुढे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. यात २८ अडथळे ओलांडायचे आणि वर ७ वेळा पाण्यावरून उडी मारायची. मोठ्या स्पर्धेत सगळ्यांना एकदम पळवता येत नाही, म्हणून आधी तीन हीट्स होतात. म्हणजे बघा, या पण शिफ्टच झाल्या की.

२०१९ ची दोहा जागतिक स्पर्धा. तेव्हाचा नियम असा: प्रत्येक हीटमधले पहिले ३ थेट फायनलमध्ये, आणि उरलेल्या सगळ्यांतून वेळेनुसार ६ जण. एकूण १५. अविनाशच्या हीटमध्ये पुढचे धावपटू अडखळले, पडले आणि याची वाट अडली. तरी त्याने ८:२५.२३ असा राष्ट्रीय विक्रम केला, पण फायनल हुकली. भारतीय महासंघाने तक्रार केली. ती मान्य झाली आणि फायनलला १६ वा माणूस म्हणून त्याला घेतलं. तिथे तो १३ वा आला, पण वेळ ८:२१.३७. ऑलिंपिकची पात्रता होती ८:२२.००. म्हणजे तक्रार फेटाळली असती, तर टोकियोचं तिकीट त्या दिवशी मिळालंच नसतं.

आता टोकियो, ३० जुलै २०२१. नियम तोच. अविनाश दुसऱ्या हीटमध्ये. ८:१८.१२, पुन्हा राष्ट्रीय विक्रम. हीटमध्ये सातवा. तिन्ही हीट्स मिळून तेरावा. फायनलला जाणार पंधरा आणि हा तेरावा असून बाहेर! तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मीही ऑफिसच्या ग्रुपवर "अन्याय" असं लिहून मोकळा झालो होतो.

पण थोडं खोदून बघूया. तिसरी हीट संथ झाली. ती जिंकणाऱ्या मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीची वेळ होती ८:१९.००, म्हणजे आपल्या अविनाशपेक्षा जास्त. पण याच एल बक्कालीने पुढे फायनलमध्ये सुवर्ण जिंकलं. त्याच्यात दम नव्हता असं कोण म्हणेल? त्याला फक्त पहिल्या तिघांत यायचं होतं, उगाच पाय कशाला जाळायचे?

वेळेच्या सहाही जागा पहिल्या दोन हीट्सनी नेल्या. म्हणजे तिसऱ्या हीटमध्ये जो चौथा आला, त्याचाही पत्ता कटला. पुढचे लोक संथ पळत होते, हा त्याचा काय दोष? लांब पल्ल्याच्या शर्यतीत वेळ एकट्याची नसते. पुढे कोणी जोर लावला तर मागच्यांचीही वेळ सुधारते. त्यामुळे एका हीटची वेळ दुसऱ्या हीटशी ताडून बघणं म्हणजे दोन वेगवेगळे पेपर एकाच गुणपत्रिकेत मांडणं.

हे जागतिक संघटनेलाही पटलं असावं. २०२३ च्या बुडापेस्ट स्पर्धेपासून लांब शर्यतींमध्ये वेळेच्या जागा काढून टाकल्या. आता प्रत्येक हीटचे पहिले ५, बस्स. वेळ काहीही असो.

या नव्या नियमाचा पहिला फटका कोणाला? अविनाशलाच! बुडापेस्टमध्ये तो ८:२२.२४ वेळ देऊन हीटमध्ये सातवा आला, बाहेर. त्याच वर्षी तो ८:११.६३ पळाला होता, पण हीटमध्ये त्याला विचारतो कोण? मग २०२४, पॅरिस. हीटमध्ये ८:१५.४३, बरोबर पाचवा. फायनलमध्ये! ऑलिंपिकच्या या फायनलमध्ये पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. तिथे ८:१४.१८ मध्ये ११ वा आला.

मला यात अडकून पडायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. टोकियोत नवा नियम असता तरी सातवा आलेला अविनाश बाहेरच राहिला असता. फक्त वेळेवर निवड झाली असती तर तो आत आला असता, पण मग ऑलिंपिकविजेता ठरलेला एल बक्काली चौदाव्या नंबरवर काठावर बसला असता. असा एकही नियम मला सापडला नाही की ज्यात कोणाचं तरी नुकसान होत नाही. तरी नवा नियम मला बरा वाटतो. सुरुवातीच्या रेषेवर उभं राहतानाच कळतं की मला कोणाला हरवायचंय, आणि ते सगळे डोळ्यांसमोर पळत असतात. दुसऱ्या हीटमध्ये काय होईल याची काळजी नको.

मावसबहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या शिफ्टमधले पहिले अमुक घ्या, असंच ना?" मी म्हटलं, "पण तुझ्याच शिफ्टमध्ये सगळे हुशार आले असले तर?" त्यावर ती गप्प बसली. खरं सांगायचं तर, माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.