तंजावरची काचचित्रे
तंजावरच्या भोसले दरबारी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी (१७९८–१८३२), बहरलेल्या चित्रकलेची एक शाखा काचेवर वाढली. त्या काळची सपाट काचही बहुधा फुंकूनच घडविलेली असे. नळीने फुगविलेला लांबट फुगा चिरून, तापवून पसरीत. चित्रकार ती पाठीमागून रंगवी आणि क्रम सारा उलटा! देवाच्या डोळ्यांतील बाहुल्या व अलंकार आधी, मुखाचा रंग नंतर, पार्श्वभूमी शेवटी. एकदा वरचा थर चढला की बाहुलीची चूक सुधारणे नाही. या धारिष्ट्याचे मला नवल वाटते. इतरत्र काच चित्राचे केवळ रक्षण करते; येथे तीच फलक, तीच आवरण. देवघरातील धुराची काजळी समोरून खुशाल पुसावी. मात्र, श्रोतेहो, पाठीला ओले फडके लावू नये. रंगाचे पापुद्रे सुटतात.