पाऊस लांबला की ज्वारीचं रोप का खुंटतं?

जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, पेरणी होते, ज्वारी उगवते आणि मग पाऊस दडी मारतो. शेतकऱ्यावर दुबार पेरणीचं संकट येतं. या काळात रोपात नेमकं काय घडतं?

रोप वाढतं ते पेशींमधल्या पाण्याच्या दाबामुळे. ओल कमी झाली की हा दाब घटतो आणि आधी पानांची वाढ मंदावते. मुळं मात्र ओलीच्या शोधात काही काळ खाली जात राहतात. पाणी वाचवण्यासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रं बंद होतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि अन्न कमी तयार होतं.

सुरुवातीला ज्वारीला एकच मुख्य मूळ असतं. बुंध्याशी फुटणारी कायमची मुळं नंतर येतात आणि त्यांना जमिनीच्या वरच्या थरात ओल लागते. तो थर कोरडा राहिला तर रोप एकाच मुळावर तग धरतं.

म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असा सल्ला कृषी विभाग देतो.

आणखी एक गोष्ट. पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारी जनावरांना चारू नये. तिच्यातून तयार होणाऱ्या सायनाइडमुळे जनावर दगावू शकतं.