थांबलेला काटा : धाराशिव जिल्ह्यातील जुन्या मोटारसायकली, त्यांची देखभाल आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, गॅझेटियर, वृत्तपत्रे आणि मौखिक मुलाखती यांचा उपयोग आता रूढ झाला आहे. यंत्राकडे मात्र साधन म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. धाराशिव जिल्ह्याच्या तालुक्यांतील गॅरेजांत आणि वाड्यांच्या ओसरीवर आजही एखादी बुलेट, येझदी किंवा राजदूत उभी दिसते. ती चालू स्थितीत असली, तरी तिच्या हँडलजवळचा वेगमापक बहुधा बंद असतो. काटा शून्यावर स्थिर आणि खालचे आकडे कुठल्यातरी जुन्या दिवशी थबकलेले. हा बंद काटा केवळ यांत्रिक बिघाड आहे की त्यातून जिल्ह्याच्या दुरुस्ती-व्यवसायाविषयी काही कळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रस्ता आणि दुचाकी

१९४८ पर्यंत उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात सरकारी मोटारबस वाहतूक १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या अखत्यारीत सुरू झाली; परंतु खाजगी यांत्रिक वाहन ही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच काळात भारतात मोटारसायकलींचे उत्पादन मूळ धरत होते. मद्रासच्या एनफील्ड इंडियाची स्थापना १९५५ ची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जावा आणि पुढे १९७० च्या दशकात येझदी बाहेर पडू लागली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌सने पोलिश बनावटीच्या आधारे राजदूत काढली. जिल्ह्याच्या शेजारी, अहमदनगर येथे, १९७२ पासून कायनेटिकची लूना तयार होऊ लागली. पन्नास सीसीच्या या मोपेडचा विषय स्वतंत्र आहे.

या वाहनांना जिल्ह्यात जे स्थान मिळाले, त्यामागे भूगोल आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गाची गाडी जिल्ह्याच्या काही भागातून जात असे, पण उस्मानाबाद शहर रेल्वेच्या नकाशावर आले ते रुंदीकरणानंतर, २००० नंतरच्या दशकात. तोपर्यंत सोलापूर–तुळजापूर–उस्मानाबाद–येरमाळा–बीड आणि नळदुर्ग–उमरगा हे दोन रस्तेच जिल्ह्याचे मुख्य आधार होते. एस. टी. मुख्य रस्त्यावर सोडून देई. तेथून आतल्या गावाला जायचे तर बैलगाडी, सायकल किंवा पायपीट. डॉक्टर, ग्रामसेवक, साखर कारखान्याचा शेतकी कर्मचारी, दूध उत्पादक, बियाण्याचा व्यापारी अशा ज्यांना रोज चार गावे करावी लागत, त्यांच्यासाठी मोटारसायकल ही चैन नव्हती.

वेगमापकाची रचना

जर्मन अभियंता ओटो शुल्झे याने १९०२ साली चुंबकीय वेगमापकाचे पेटंट घेतले. त्याचे तत्त्व पुढे जवळजवळ शतकभर टिकले. पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक लहान दंतचक्र आणि त्याला अडकलेला वर्म असतो. चाक फिरले की वर्म फिरतो, आणि त्याला जोडलेली पोलादी तारांची पीळदार केबल आपल्या नळीतून वरच्या डबीपर्यंत फिरत जाते. डबीत केबलच्या टोकाला चुंबक असतो. त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. ती चुंबकाला चिकटलेली नसते. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि वाटी ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो वेग. आकड्यांची चक्रे त्याच केबलवर, पण वेगळ्या दात्यांनी चालतात.

ही शेवटची बाब दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची. काटा मेला आणि आकडे चालू आहेत, तर केबल शाबूत असून दोष डबीत आहे. दोन्ही बंद असतील, तर केबल तुटली आहे किंवा हबमधील चालना गेली आहे. काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी तीव्र कोनात वळली आहे. हे निदान पुस्तक न पाहता अनुभवी मेस्त्री करतो.

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर स्मिथ्स कंपनीचे घड्याळासारखे चालणारे मापकही असत. त्यांचा काटा सरकत नसे, टप्प्याटप्प्याने उडी घेई. ते उघडणे घड्याळजीचे काम होते, मोटार-मेस्त्रीचे नव्हे.

धूळ, पंक्चर आणि ग्रीस

वेगमापक वयाने बंद पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरेसा नाही. बुलेटसारख्या गाडीत हबच्या खाचांमध्ये चालना-कड्याचे दोन कान बसावे लागतात. पंक्चर काढण्यासाठी पुढचे चाक उतरवले आणि परत बसवताना हे कान खाचेत बसले की नाही हे न पाहता आस आवळला, तर कान चेपतात किंवा तुटतात. वळणावळणाच्या कच्च्या रस्त्यांवर आणि बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात पंक्चर ही नित्याची गोष्ट होती. गाडी मात्र त्यानंतरही व्यवस्थित धावते. म्हणूनच हा दोष दुरुस्त करायला कोणी थांबत नसे.

दुसरे कारण काळी माती. तिची धूळ हबच्या सीलमधून आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि घासणाऱ्या लेपासारखे काम करते. दात हळूहळू पातळ होतात. म्हणून चाक उतरवल्यावर जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढणे आणि मगच नवे भरणे आवश्यक ठरते. वरून थापलेले ग्रीस धुळीला आत कोंडून ठेवते. केबलच्या बाबतीत नेमका उलटा अतिरेक होतो. तिला खालपासून वरपर्यंत भरपूर ग्रीस लावले जाते. फिरणारी केबल ग्रीस वर चढवते, ते डबीत शिरते आणि वाटी-चुंबकाच्या फटीत बसते. वरच्या टोकाकडील सुमारे पंधरा सेंटिमीटर केबल जवळजवळ कोरडी ठेवावी, हा साधा नियम हातातून हातात गेला.

इतर फिरत्या भागांचे भाग्य वेगळे. क्लचच्या प्लेटा, साखळी, चाकाच्या बेअरिंग, कॉन्टॅक्ट पॉइंट यांत दोष आला की गाडी चालत नाही. तिला दुरुस्त करावेच लागते. त्यामुळे त्यांचे ज्ञान टिकले. सिलिंडर बोअर करण्यासाठी लेथ सोलापूरला, सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ, हे मार्गही टिकले. वेगमापकाचे ज्ञान मात्र गरजेअभावी सर्वांत आधी क्षीण झाले. १९८५ नंतर आलेल्या हिरो होंडासारख्या चार-स्ट्रोक गाड्यांनी मोटारसायकलीचा ग्राहकच बदलला आणि जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांवर हात बसलेले मेस्त्री कमी होत गेले.

आकड्यांचे अंतरंग परीक्षण

थांबलेल्या आकड्यांना पुरावा मानण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाला होणे साहजिक आहे. चाळीस हजारांवर थांबलेला मीटर म्हणजे चाळीस हजार किलोमीटर धावलेली गाडी, असे मानता येत नाही. एक तर पाच अंकी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. दुसरे, जुन्या मापकांवर मैल आहेत; १९५६ च्या वजन-मापे कायद्यानंतर किलोमीटर रुळले, पण जुनी डबी नव्या गाडीवर आणि नवी जुन्यावर चढली. तिसरे, टायर. १९ इंची चाकावर ३.२५ चा टायर असेल, तर परीघ सुमारे दोन मीटर भरतो आणि एका किलोमीटरला चाकाचे जवळपास पाचशे फेरे होतात. त्याजागी १८ इंची चाक आले, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा सुमारे चार टक्के जास्त दाखवतो. कागदपत्रांचे जसे बहिरंग व अंतरंग परीक्षण करतात, तसेच येथेही करावे लागते. आणि केबल कधी तुटली, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

कायदा आणि मूळ रूप

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११७ वेगमापक आवश्यक ठरवतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेव्हा बंद काट्याचा प्रश्न पुढे येतो. जुलै २०२१ मध्ये याच नियमांत व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी वाहने तीत येतात. नवीन नोंदणीसाठी वीस हजार आणि पुनर्नोंदणीसाठी पाच हजार रुपये शुल्क आहे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि तिचा रस्त्यावर नित्य वापर होऊ नये.

मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला ही अट जाचक नाही. ज्याची राजदूत अजून दुधाच्या घागरी नेते, त्याच्यासाठी व्हिंटेज नोंदणी म्हणजे रोजचे काम सोडणे. शिवाय मूळ रूप कोणते? परांड्याच्या किंवा भूमच्या गॅरेजात एका गाडीचा वर्म दुसरीत बसला असेल, लेथवर नवा बुश केला असेल, तर तो भाग कारखान्याचा नाही. पण तो जिल्ह्याचा आहे. पुनःस्थापनेच्या नावाखाली असे भाग काढून नवी प्रतिकृती बसवली की गाडी चकचकीत होते आणि तिच्यातील स्थानिक इतिहास भंगारात जातो. नियम मुख्यतः सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांकडे पाहतो. हबमधील लहान फेरफार त्याच्या आड येऊ नयेत. घाई करतो तो बहुधा हौशी मालक.

याच जिल्ह्यात तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या खाजगी छंदातून जमलेल्या सातवाहनकालीन वस्तूंचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. शेतात आणि पांढरीत सापडलेले मणी, मृण्मूर्ती लामतुरे यांनी जपल्या, त्या काळी त्यांना कोणी किंमत देत नव्हते. जुन्या मोटारसायकलींसाठी संग्रहालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मुलाखतीचे तंत्र जुन्या मेस्त्र्यांकडे न्यावे. मुलाखत गॅरेजात, हब उघडलेला असताना घ्यावी. कारण चाक हातात नसताना मेस्त्री ‘चालतंय की’ एवढेच सांगतो. वर्म कुठून आला, केबल कोणत्या गाडीची कापून बसवली, मूळ डबी कधी आणि कोणाला विकली, या नोंदी गाडीच्या नोंदणी पुस्तकाच्या प्रतीसोबत ठेवाव्यात. बदललेले जुने भाग टाकून न देता गाडीच्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून डब्यात ठेवावेत.